देवीदासच्या पोटातला नट

शहराबाहेर रांझीला, कारखान्याच्या क्वार्टरांच्या आमच्या ओळीत दुखणं कोणाचं एकट्याचं नसे. एखाद्याला ताप आला की अख्खी ओळ त्याच्या खाटेभोवती जमायची. ताप थंडी वाजून आला की नुसताच आला, पोट साफ होतं का, आदल्या दिवशी काय खाल्लं होतं, सगळं विचारलं जायचं. उत्तर अपुरं वाटलं तर बायकोला बाजूला घेऊन पुन्हा विचारायचे. यात कोणी वाईट मानत नसे. उलट विचारायला कोणी आलंच नाही, तर माणूस खरोखर खचायचा.

या कामात माझी शेजारीण शेवंता सगळ्यांच्या पुढे. ओळीतली एखादी बातमी तिला दुसऱ्याच्या तोंडून कळली, तर त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं नाही. तिची मुलगी नर्मदा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नर्सच्या ट्रेनिंगला लागली, तेव्हा विहारात तिचा सत्कार झाला. सगळे म्हणाले, समाजाची पोरगी पुढे गेली. शेवंता मात्र माझ्या कानाला लागून म्हणाली, "आता शहरात कोण भरती झालं, कोणाचं काय कापलं, मले घरबसल्या समजते पाय."

आणि पहिल्या वर्षी तसंच झालं. नर्मदा सुट्टीत घरी आली आणि जेवताना सहज बोलून गेली, "आई, शाळेतल्या बेबीताई दिसल्या. दात बसवायले आल्या होत्या." पोरीच्या मनात काही नव्हतं. पण तिचं ताट उचलायच्या आत शेवंता चार घरं फिरून आली होती. दुसऱ्या दिवशी बेबीताई वर्गात फळ्याकडे वळल्या की मागून पोरं दातावर दात वाजवायची. बेबीताई थेट दवाखान्यात गेल्या.

वॉर्डच्या मुख्य होत्या वसुधा सिस्टर. शहरातल्या राइट टाउन भागातल्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांची टोपी कडक आणि बोलणं त्याहून कडक. त्यांनी नर्मदाला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "पट्टी सुटली तर पुन्हा बांधता येते. तोंडून सुटलेलं बांधता येत नाही. पुन्हा असं कानावर आलं, तर तू ट्रंक भरायचीस आणि घरी जायचंस. समजलं?"

नर्मदा माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. आपल्या घरी रडायची सोय नव्हती, कारण का रडतेस हे आईला सांगावं लागलं असतं. पदराने नाक पुसून म्हणाली, "मोठीआई, आता मी आईले दवाखान्याचं काहीच सांगणार नाही."

"जमेल तुले?" मी विचारलं.

"पायतो ना."

तेव्हापासून शेवंताने दवाखान्याचं काही विचारलं की नर्मदा तिथल्या जेवणाचं सांगायची. सोमवारी तुरीची डाळ होती, पातळ होती. मंगळवारी मुगाची. मिठाचा अंदाज चुकला होता. शेवंता वैतागून जायची. "शिकली न् परकी झाली," म्हणायची. "मायले डाळी मोजून दाखवते."

आता आमच्या घरातलं सांगते. यांचं नाव देवीदास. लिहिताना लिहिते, तोंडाने अजून घेत नाही. कारखान्याच्या फोर्ज शॉपमध्ये, म्हणजे तापल्या लोखंडावर मोठे घण पडतात त्या खात्यात, यांचा जन्म गेला. एक दिवस जड काहीतरी उचलताना यांची आंत उतरली. जांघेत फुगवटा आला. डॉक्टरांनी हर्निया सांगितला, ऑपरेशन करून घ्या म्हणाले.

दुसऱ्या कोणाला झालं असतं तर सरळ गोष्ट होती. पण आमच्या समोर भैयालाल राहत होता. भैयालालही फोर्ज शॉपचाच. त्यालाही हेच दुखणं, फार आधीपासून. चाकूची भीती, म्हणून तो ऑपरेशन न करता कमरेला पट्टा बांधून फिरायचा. आणि सकाळी सगळ्यांच्या सायकली कारखान्याकडे निघाल्या की आमचे देवीदास मागून ओरडायचे, "काय भैयालाल! आज आंत घरी ठेवून आला, का संगं घेऊन चालला?" अख्खा रस्ता हसायचा. भैयालालही हसायचा, पण त्याचं हसू आणि पट्टा दोन्ही आवळलेली असायची.

"भैयालालले समजलं तर तो मले जगू देणार नाही," देवीदास म्हणाले.

"काहून देईल? तुम्ही त्याले जगू दिलं का?"

"तू कोणाच्या बाजूची आहे?"

"मी पट्ट्याच्या बाजूची," मी म्हटलं. त्यावर दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

ओळीत सांगितलं, पोटाची तपासणी आहे. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात भरती झालो; नर्मदा दुसऱ्या वॉर्डात असेल असं धरलं होतं. देवीदास खाटेवर टेकले, आणि समोरून पांढऱ्या कपड्यात थर्मामीटर घेऊन कोण आलं? नर्मदा.

देवीदासांनी चादर डोक्यावरून घेतली.

"मोठेबाबा, चादर काढा. ताप पायचा आहे."

"ताप नाही मले."

"नाडी पायतो मग."

चादरीतून एक हात बाहेर आला. नर्मदाने शांतपणे नाडी मोजली, पायथ्याशी अडकवलेला कागद पाहिला. तो इंग्रजीत होता, त्यामुळे आम्हाला त्याची भीती नव्हती. भीती होती ती तो वाचता येणाऱ्या शेवंताच्या पोरीची. ती पुढच्या खाटेकडे गेल्यावर चादरीतून आवाज आला, "गेलो मी. आता रेडिओवर येते."

"तिने काही म्हटलं का?"

"इथं नाही म्हणत. घरी जाऊन म्हणन. बेबीताईच्या दाताचं काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी देवीदासांच्या डोक्यात एक युक्ती आली. युक्ती आली की त्यांचे डोळे बारीक व्हायचे, तेव्हाच मी ओळखलं. नर्मदा औषध द्यायला आली तसं त्यांनी तिला जवळ वाकायला सांगितलं.

"नर्मदा बेटा, तुले एक गोष्ट सांगतो. कोणाले सांगू नको. मागच्या महिन्यात काम करता करता मी एक नट दातात धरला होता. लोखंडाचा. तो गिळून टाकला मी. तो अजून पोटात आहे. लाजेनं डॉक्टरले सांगितलं नाही."

हे सगळं खोटं. मला वाटलं, म्हाताऱ्याला ताप चढला. पण त्यांनी मला डोळा मारला. खोटी गोष्ट सोडायची आणि ती ओळीपर्यंत पोचते का ते पाहायचं, असा बेत होता. पोचली तर पोरगी फुटकी, आणि मग खरी गोष्टही गेलीच समजायची.

नर्मदा सरळ झाली. "मोठेबाबा, हे डॉक्टरांना सांगावं लागेल."

"अरे! कोणाले सांगू नको म्हटलं ना मी!"

"डॉक्टरांना न् सिस्टरांना सांगल्याशिवाय होणार नाही. ऑपरेशन आहे तुमचं. बाकी कोणाले नाही सांगणार."

आणि ती गेली. थोड्या वेळाने चाकाची खाट आली, देवीदासांना त्यावर घालून पोटाचा फोटो काढायला नेलं. फोटोत आंतडी होती, वारा होता, नट नव्हता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा देवीदास म्हणाले, "पडून गेला असेल." डॉक्टर त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटायची वेळ झाली आणि दारातून आमची ओळ आत शिरली. पुढे शेवंता, हातात खोव्याच्या जिलेबीचा पुडा. मागे आणखी दोघीतिघी. सगळ्यांत शेवटी भैयालाल, आणि त्याच्या तोंडावर असं हसू की पट्टा सुटेल की काय.

"देवीदास भाऊ," तो लांबूनच म्हणाला, "कारखान्यातलं लोखंड पोटात घालून घरी नेऊन राहिले का? गेटवर झडती नाही घेतली?"

देवीदास खाटेवर उठून बसले. नट खोटा असल्यामुळे त्यांना चिडवलं गेल्याचं काहीच वाटलं नाही. उलट पैज जिंकल्यासारखे माझ्याकडे वळून ओरडले, "पाय! पाय पार्वता! म्हटलं होतं ना मी! एका दिवसात रांझी! ही पोरगी नर्स नाही, भोंगा आहे!"

नर्मदा कोपऱ्यात ट्रेमधल्या बाटल्या लावत होती. तिचा हात थांबला.

"मी नाही सांगितलं, मोठेबाबा."

"मग काय नट चालत गेला रांझीले?"

शेवंताला यातलं काही कळलं नाही, पण आपल्या पोरीला भोंगा म्हटलं एवढं कळलं. "ओ भाऊजी, तोंड सांभाळा! मले तर भैयालालनं सांगितलं. माही पोरगी मले डाळीच्या पुढं काही सांगत नाही!" हे ती भांडण म्हणून बोलली की तक्रार म्हणून, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आवाज वाढला आणि वसुधा सिस्टर आल्या. "काय चाललंय? वॉर्ड आहे की बाजार?"

देवीदासांनी छाती काढली. "सिस्टर, या पोरीले मी खाजगी गोष्ट सांगली, ती रांझीत फिरून आली."

वसुधा सिस्टर नर्मदाकडे वळल्या. चेहऱ्यावर बेबीताईंचे दात स्पष्ट दिसत होते. "नर्मदा. मी काय सांगितलं होतं तुला?"

नट खोटा आहे हे मला माहीत होतं. मी तोंड उघडलंही. पण नर्मदा काय करते ते पाहायचा मोह झाला, म्हणून मिटलं. तिचा चेहरा ट्रेमधल्या कापसासारखा झाला होता. ट्रंक भरायची वेळ आली होती, आणि तीसुद्धा आई समोर असताना.

वसुधा सिस्टरांच्या तोंडाचा पट्टा आता देवीदासांकडे फिरला. "आणि तुम्ही हो आजोबा, नट कसला गिळला? नट नाही, काही नाही. फोटोत स्वच्छ दिसलं. तुम्हाला तर झालाय ह—"

"सिस्टर!"

नर्मदा ओरडली होती. शिकाऊ पोरीने वॉर्डच्या सिस्टरला तोडलं होतं. पलीकडच्या खाटेवरचा माणूस पेरू चावायचा थांबला. देवीदासांचा हात नकळत जांघेवर गेला आणि मी तो चादरीखाली ढकलला. भैयालालची मान मात्र पुढे आली होती.

"सिस्टर," नर्मदा हळू आवाजात म्हणाली, "आधी भेटायले आलेले बाहेर जाऊ द्या. मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

वसुधा सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग भैयालालच्या पुढे आलेल्या मानेकडे पाहिलं. आणि एक पाऊल मागे सरकल्या.

नर्मदा आमच्या ओळीकडे वळली. "चला, बाहेर व्हा सगळे. काका, तुम्हीपण."

"मी तर समाचाराले आलो," भैयालाल म्हणाला.

"समाचार झाला. चला."

"मीबी?" शेवंताने विचारलं.

"तूबी, आई."

"मी तुही माय आहे!"

"म्हणूनच तू आधी."

शेवंताने जिलेबीचा पुडा माझ्या मांडीवर आपटला आणि निघाली. नर्मदाने तो पुडाही उचलला आणि तिच्या हातात परत दिला. "उद्या ऑपरेशन आहे. यांना खायचं नाही." मग दार लावून घेतलं.

"बोल आता," वसुधा सिस्टर म्हणाल्या. आवाज कडकच होता, पण इस्त्री जरा उतरली होती.

"मी डॉक्टरांना सांगितलं न् तुम्हाला. तिसऱ्याला नाही." ती देवीदासांच्या उशाशी गेली. "मोठेबाबा, नटाची गोष्ट मला जशी सांगितली होती तशीच पुन्हा सांगा. अगदी हळू. कानात. फक्त नटाची."

देवीदासांनी घसा साफ केला, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजले, "नर्मदा बेटा, तुले एक गोष्ट सांगतो. कोणाले सांगू नको—"

"बाबा!" तिकडे खिडकीपाशी, अगदी टोकाच्या खाटेवरून आवाज आला. शहरात सदर भागात चहाची टपरी चालवणारा एक माणूस तिथे पाय टांगून पडला होता. "कल तो सुन चुके हैं पूरा। आज फिर से वही सुनाओगे?"

सगळा वॉर्ड हसला. फोर्ज शॉपमध्ये ज्यांचा जन्म गेला त्यांची कुजबुज अशीच असते. घणांच्या आवाजात एकमेकांशी बोलून बोलून त्यांना हळू म्हणजे काय हेच विसरायला होतं. आमच्या ओळीत सगळेच तसे, म्हणून आम्हाला कोणालाच त्यात काही वेगळं वाटत नसे. मलासुद्धा बाहेरच्या लोकांत आल्यावरच ते कानाला लागलं.

"भैया, तुमने किसको बताया?" वसुधा सिस्टरांनी चहावाल्याला विचारलं.

"किसी को नहीं सिस्टर, बस साले को। वो कल मिलने आया था। इन्हीं के कारखाने में है।"

वसुधा सिस्टर तोंडावर रुमाल धरून खिडकीबाहेर पाहत राहिल्या. खिडकीबाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. मग वळून म्हणाल्या, "नर्मदा, तू मला मध्येच तोडलंस."

"हो, सिस्टर."

"पुढे कधी मी अशी बोलायला लागले, तर पुन्हा तोड." आणि देवीदासांकडे बोट करून म्हणाल्या, "आणि या आजोबांना काही विचारायचं असलं तर आधी खाटेभोवती पडदा लाव. नाही, पडद्याने भागणार नाही. काय करायचं ते तूच बघ."

त्या गेल्या. मग देवीदास म्हणाले, त्यांच्या मते हळू, "सिस्टर, जरा पाणी."

नर्मदाने मागे वळून पाहिलं. वसुधा सिस्टर परत आल्या असं तिला वाटलं. मागे कोणी नव्हतं. ती परत वळली तेव्हा कानापर्यंत लाल झाली होती.

"पाणी नाही मिळणार, मोठेबाबा," ती म्हणाली. "उद्या ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी सांगितल्यापासून तोंडात काहीच नाही."

"हे पाय," देवीदास मला म्हणाले. "सिस्टर म्हटलं, तरी पाणी नाही."

ऑपरेशन नीट झालं. घरी आलो तेव्हा नवीनच पंचाईत उभी. अख्खी ओळ नट पाहायला आली. सिस्टर नट नाही म्हणाल्या होत्या, पण ऑपरेशन झालं म्हणजे नट निघालाच, असं ओळीने ठरवलं होतं. कापून काढलेली वस्तू दवाखान्यातून घरी देतात अशी सगळ्यांची खात्री होती. देवीदासांनी एक रात्र विचार केला. सकाळी हत्यारांच्या पेटीतून एक जुना नट काढला, घासला, औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकला आणि बाटली फळीवर ठेवली. लोक यायचे, बाटली हलवायचे, आवाज ऐकायचे. बायका पोरांना सांगायच्या, पाय, दातात लोखंड धरलं तर असं होते. भैयालालने बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "हा तर सायकलचा दिसते."

"त्यातबी लागते," देवीदास म्हणाले.

पुढच्या सुट्टीत नर्मदा घरी आली तेव्हा बायकांनी तिला घेरलं. मी दारातच उभी होते; एकीने आमची बाटली तिच्यापुढे धरली. "नर्मदा, तू होती ना तिथं? हाच नट निघाला ना?"

नर्मदाने बाटली पाहिली. देवीदास आत खाटेवर श्वास धरून बसले होते. होय म्हणणं खोटं होतं. नाही म्हणणं त्यांना बुडवणं होतं.

"पेशंटची गोष्ट पेशंटले विचारा," ती म्हणाली आणि चप्पल काढून आपल्या घरात गेली.

बायका शेवंताकडे वळल्या. दवाखान्यातून हाकलून दिल्यापासून शेवंता पोरीशी नीट बोलत नव्हती. पण आता सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या, आणि ती काही कमी पडणारी बाई नव्हती. "मले काय विचारता?" ती ऐटीत म्हणाली. "माह्या पोरीचं पोट म्हणजे विहीर आहे. गोटा टाका, आवाज नाही येत." ओळीत दुसऱ्या कोणाच्या पोरीचं पोट विहीर नव्हतं. हे लक्षात आल्यावर ती दिवसभर तेच सांगत फिरली.

दुपारी भैयालाल तिच्या दाराशी आला. हातात काही नाही, तोंडावर हसू नाही. नर्मदा बाहेर आली तशी त्याने इकडे तिकडे पाहिलं, तिच्याकडे वाकला आणि कुजबुजला, "नर्मदा बेटा, एक गोष्ट विचारायची होती. कोणाले सांगू नको—"

माझ्या हातातलं सूप थांबलं. पलीकडच्या दोन घरांतूनही माना बाहेर आल्या.

"थांबा, काका," नर्मदा म्हणाली. "इथं नाही."

तिने पायात चप्पल घातली आणि त्याला क्वार्टरांच्या मागच्या मैदानात नेलं. पोरं क्रिकेट खेळतात त्याच्याही पलीकडे, जिथे झुडपांशिवाय काही नाही. तिथे दोघं उभी राहिली. भैयालालचे हात हलत होते, एकदा तो कमरेकडे दाखवत होता. नर्मदा मान हलवत होती, मधून काही विचारत होती. आम्ही सगळ्या आपापल्या मागच्या दारात आलो होतो. वारा आमच्याकडून तिकडे वाहत होता. बायकांनी त्यालाही नावं ठेवली.

शेवंता सगळ्यांत पुढे होती. टाचा उंचावून पाहत होती. मग एकदम मागे वळली आणि आमच्यावर खेकसली, "काय पाहून राहिल्या? पेशंट आहे तो! आपापली भाजी पाहा, करपून राहिली असेल!"

भैयालाल परत आला तो शिट्टी वाजवत. संध्याकाळी मी शेवंताकडे ताक द्यायच्या निमित्ताने गेले आणि नर्मदाला एकटी गाठून विचारलं, "काय म्हणे गं भैयालाल? मी काही बाहेरची नाही. तुले माहीत आहे."

नर्मदाने ताकाचं भांडं माझ्या हातातून घेतलं आणि या आठवड्यात दवाखान्यात कोणत्या दिवशी कोणती डाळ झाली, ते मला अगदी सविस्तर सांगितलं.